दुरुस्तीच्या रेघेवरचं घर

नॉर्डवीकला कसं यायचं असं कुणी विचारलं तर आम्ही सांगतो, महामार्ग सोडा, उत्तरेला वळा, डोलिना लागेल, ते मागे टाका आणि सरळ या. चुकायची सोयच नाही. मग पाहुणा सरळ येतो आणि नेस्टर कुझिकच्या शेताकडेच्या खंदकात उतरतो. लग्नाला आलेले, दफनाला आलेले, विमा विकायला आलेले, धर्म विकायला आलेले, सगळे एकदा तरी तिथे उतरून गेलेले आहेत. ट्रॅक्टरने बाहेर ओढल्यावर ते चिडून म्हणतात, तुम्ही तर सरळ म्हणाला होता. आम्हाला खरंच नवल वाटतं. रस्ता सरळच आहे. मधे फक्त दुरुस्तीची रेघ आहे.

ही रेघ म्हणजे काय, ते पोस्टाच्या खिडकीतून मी ओल्या बुटांच्या माणसांना नेहमी समजावत असते. जमीन मोजणाऱ्यांनी फार वर्षांपूर्वी या सपाट मुलखावर चौकोन आखले. खाली पृथ्वी गोल होती. ते त्यांना ठाऊक होतं, पण वरून हुकूम चौकोनांचा होता. उत्तरेला जावं तसे हे चौकोन आवळत जातात, म्हणून ठरावीक अंतरावर एक आडवी रेघ मारून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. रेघेखालचे रस्ते आणि रेघेवरचे रस्ते त्यामुळे जुळत नाहीत. आमचा रस्ता तिथे येऊन संपतो, काटकोनात डावीकडे वळतो, थोडं अंतर चालतो, पुन्हा काटकोनात उजवीकडे वळतो, आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात उत्तरेला लागतो. आमचे हात स्टिअरिंगवर आपोआप फिरतात. गावातल्या कुणालाही विचारा, तो शपथेवर सांगेल की या रस्त्याला वळण नाही.

सेल्मर हौगनचं लग्न या न-वळणात अडकलं.

सेल्मर साठी ओलांडलेला, अविवाहित, आणि जागचा न हलणारा माणूस. त्याचा आजा नॉर्वेहून येऊन गावाच्या उत्तर टोकाला ज्या अंगणात गाडीतून उतरला, त्याच अंगणात सेल्मर जन्मला, आणि एक अपेंडिक्सचं ऑपरेशन सोडलं तर त्या अंगणाबाहेर तो एकही रात्र झोपला नव्हता. ते ऑपरेशनसुद्धा तो लांबच्या प्रवासासारखं सांगत असे. घर एकट्या पुरुषाचं असतं तसं. ओव्हनमध्ये कार्ब्युरेटर, कारण ओव्हन कोरडा असतो. पाहुण्यांच्या खुर्चीवर कुत्रा, कारण पाहुणे नसतात.

ओरिसिया बोडनार डोलिनाची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलं शहरात, आणि कर्लिंगमध्ये, म्हणजे बर्फावरून जड दगड घसरवत नेमावर न्यायच्या खेळात, तिच्या हातातून दगड सुटला की आमच्या गावाचे पुरुष एकमेकांच्या बुटांकडे बघू लागत. आमच्याकडे रीत अशी आहे की सामना संपल्यावर जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला पाजायचं. ओरिसिया नेहमी जिंकायची आणि सेल्मर नेहमी हरायचा, त्यामुळे ओळख वाढत गेली. काही हिवाळे असे गेल्यावर एका संध्याकाळी, बाहेर पिकअपचं इंजिन तापायची वाट बघत उभे असताना, सेल्मरने तिला मागणी घातली. नेमकं काय म्हणाला ते कुणाला कळलं नाही. ओरिसियालाही नीट कळलं नव्हतं, तिने त्याला दुसऱ्यांदा म्हणायला लावलं.

ती हो म्हणाली. फक्त घर सोडणार नाही म्हणाली. आपलं स्वयंपाकघर आपल्याला अंधारात पाठ आहे, या वयात दुसऱ्याच्या भिंतींवर आपटत फिरायची हौस नाही, आणि कार्ब्युरेटरच्या शेजारी पाव भाजायची तर मुळीच नाही. सेल्मरने दोन दिवस विचार केला. डोलिनात जाऊन राहायचं हे काही त्याच्या विचारात आलं नाही, जसं चंद्रावर जाऊन राहायचं कुणाच्या विचारात येत नाही. तिसऱ्या दिवशी तो ग्लॅडिस फ्रीसनच्या चहा-कॉफीच्या दुकानात येऊन म्हणाला, घर इकडे आणू.

आमच्याकडे हे वेड्याचं बोलणं नव्हे. इथली घरं लाकडाची, माणसं जागा सोडतात तशी तीही सोडतात. देवळं, शाळा, सभागृहं, सगळं चाकांवरच्या लोखंडी तुळयांवर चढून एका गावाहून दुसऱ्या गावाला गेलेलं आहे. आमचं पोस्ट म्हणजे मुळात दुसऱ्याच एका गावची शाळा. ते गाव आता नाही. शाळेला एकटीला करमेना, म्हणून ती इकडे आली. मीही तशीच शिकवायला म्हणून एका वर्षासाठी आले होते. ते वर्ष अजून संपायचं आहे.

गावाला आनंद झाला, आणि तो सेल्मरच्या सुखापुरताच होता असं नाही. वेशीवरच्या पाटीवर लोकसंख्या एक्केचाळीस होती आणि ती बेचाळीस होणार होती. आमच्या पाटीवर आकडा वर जाण्याची घटना तरुण माणसांनी पाहिलेलीच नव्हती. शिवाय हिवाळ्याआधीचं गावजेवण. प्रत्येक गाव आपलं जेवण घालतं आणि सारा मुलूख तिकीट काढून जेवायला फिरतो. डोलिनाच्या जेवणाला माणसं भुकेने जातात, कारण तिथे ओरिसियाच्या हातच्या पिरोही असतात, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या, उकडून लोण्यात परतलेल्या करंज्या. आमच्याकडे खारात भिजवून थलथलीत केलेला मासा असतो. त्या जेवणाला माणसं भक्तीने येतात.

डोलिनावाल्यांना हे समजत नव्हतं असं नाही. नेस्टर कुझिक मुद्दाम पिकअप काढून आमच्याकडे आला. नेस्टर म्हणजे डोलिनाचा कर्लिंगचा कप्तान, सभागृहाचा अध्यक्ष, आणि त्या खंदकाकडेच्या शेताचा मालक. टोपी न काढता तो ग्लॅडिसच्या दुकानात बसला, कॉफी प्याला, हवापाणी बोलला, आणि उठताना म्हणाला, "बाई न्या. घरही न्या. पण तिच्याकडे जे मोठं पातेलं आहे ते डोलिनाच्या सभागृहाचं आहे."

ग्लॅडिसने विचारलं, पातेल्याचं तुम्ही काय करणार, त्यात घालणार काय. नेस्टर म्हणाला की ते आमचं आम्ही बघू. काही न घालता नुसतं पातेलं बघत बसलेलं डोलिना आम्हाला डोळ्यांसमोर दिसलं आणि बरं वाटलं.

घरं हलवणारे मोठे ठेकेदार वसंतापर्यंत मोकळे नव्हते. मग सेल्मरने आपल्या चुलतभावाचा मुलगा डेल्बर्ट याला बोलावलं. डेल्बर्ट शेजारच्या प्रांतातला. लिलावात घेतलेल्या लोखंडी तुळया आणि चाकांच्या गाड्या जोडून तो धान्याच्या कणग्या हलवत असे, आणि एकदा त्याने एक छोटं चर्चही हलवलं होतं. चर्चमधली घंटा वाटेत एकदाही वाजली नाही असं तो सांगायचा. मुलगा हुशार होता. पहिल्याच दिवशी ग्लॅडिसच्या दुकानात त्याने सगळ्यांना विचारलं की रस्ता कसा आहे.

सरळ, असं आम्ही सगळे एकदम म्हणालो. नॉर्डवीकमध्ये एवढं एकमत त्याआधी झालेलं नाही आणि नंतरही नाही.

तरी त्याने रस्ता पाहून घेतला. सेल्मरच्या पिकअपमध्ये पुढे सेल्मर आणि डेल्बर्ट, मागे उघड्यावर आम्ही चौघं, हातात लांब बांबू. घर हलवताना भीती वरून असते, विजेच्या तारांची. घराचा शेंडा किती, तार किती, हे प्रत्येक खांबाशी मापत आम्ही डोलिनापासून नॉर्डवीकपर्यंत आलो. सगळ्यांच्या माना वर, खिडकीतून डोकं काढलेल्या डेल्बर्टचीही. दुरुस्तीच्या रेघेवर पिकअप डावीकडे वळली, मग उजवीकडे वळली, आम्ही तोल सावरला आणि पुढची तार मापली. भूगोल मी शिकवत असे. मीही वर बघत होते. गावात आल्यावर डेल्बर्ट म्हणाला, सगळं ठीक आहे, फक्त तीन ठिकाणी वीज कंपनीचा माणूस लागेल. त्याच संध्याकाळी ग्लॅडिसच्या नवऱ्याने पाटी रंगवून टाकली. रंग वाळायला वेळ लागतो, तो म्हणाला, थंडीत तर जास्तच.

ज्या दिवशी घर निघालं त्या दिवशी ऊन होतं आणि वारा नव्हता. आमच्याकडे या दोन गोष्टी एकत्र आल्या की लोक संशयाने बघतात. ओरिसियाने कपाटातल्या बश्या काढल्या नव्हत्या. डेल्बर्टने बढाई मारली होती की टेबलावर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवा, थेंब सांडणार नाही. ओरिसिया म्हणाली, पाण्याचा डाग पडत नाही, मग कळणार कसं? तिने पांढराशुभ्र टेबलक्लॉथ अंथरला आणि त्यावर बीटाच्या लालभडक सुपाचा वाडगा काठोकाठ भरून ठेवला. मग दाराला कुलूप लावलं. त्या घराला कुलूप लागलेलं डोलिनाने पहिल्यांदाच पाहिलं, आणि किल्ली शोधायलाच बराच वेळ गेला होता.

घर पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने निघालं. डोलिनाची माणसं रस्त्याच्या कडेला टोप्या काढून उभी होती. ओरिसियाने मोटारीची काच खाली करून त्यांना सांगितलं की अजून मी मेलेले नाही, टोप्या घाला, कानाला थंडी लागेल. तिच्या मोटारीमागे नेस्टरची पिकअप. का येतोयस असं विचारलं तर म्हणाला, आपल्या हद्दीपर्यंत सोडायला. पुढून आम्ही नॉर्डवीककर सामोरे निघालो होतो, ट्रॅक्टर, पिकअपा आणि ग्लॅडिसचे कॉफीचे थर्मास घेऊन. वीज कंपनीचा माणूस काठीने तारा उचलायचा आणि घर खालून मान न वाकवता जायचं. एकही तार अडली नाही. आमचं मापन अचूक होतं.

मग घर दुरुस्तीच्या रेघेवर आलं आणि थांबलं.

डेल्बर्ट ट्रकमधून उतरला. पुढे चालत गेला, आडव्या रस्त्यावर उभा राहिला, डावीकडे बघितलं, मागे वळून घराच्या लांबीकडे बघितलं. दोन्ही बाजूंना खंदक, खंदकापलीकडे विजेचे खांब. या कोपऱ्यातून घर वळवायचं म्हणजे मांजरीच्या दारातून रेडा काढायचा. आम्ही सगळे त्याच्याभोवती जमलो.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"दुरुस्तीची रेघ," सेल्मर म्हणाला.

"वळण आहे हे."

"वळण नव्हे. रेघ."

"सेल्मरकाका, मी तुम्हाला विचारलं होतं, रस्ता कसा आहे."

"सरळच आहे," मागून ग्लॅडिस म्हणाली. "हे सोडलं तर."

डेल्बर्टने आमच्या तोंडांकडे एकेक करून बघितलं. आमच्या चेहऱ्यांवर अपराधी भाव नव्हता. आम्ही त्या कोपऱ्याकडे अशा कुतूहलाने बघत होतो जणू तो काल रात्री कुणीतरी आणून ठेवला असावा.

ओरिसिया मोटारीतून उतरून आली. "सेल्मर," ती म्हणाली, "दर गुरुवारी तू याच रस्त्याने माझ्याकडे येतोस. इथे कधी वळलास की नाही?"

सेल्मरने प्रामाणिकपणे विचार केला. "आठवत नाही," तो म्हणाला.

एवढी मोठी वस्तू उलटी ढकलत डोलिनापर्यंत नेणं शक्य नव्हतं. एकच वाट होती. समोर सरळ जायचं, मग नेस्टरच्या शेतातून तिरकं कापून वरच्या रस्त्याला लागायचं. सगळे नेस्टरकडे वळले. नेस्टर पिकअपला टेकून सूर्यफुलाच्या बिया चावत होता, आणि इतका समाधानी नेस्टर आम्ही कर्लिंगचा चषक उचलतानाही पाहिला नव्हता.

त्याने सांगितलं की शेतात गव्हाच्या जातीची हिवाळी राय पेरलेली आहे, उगवून वर आली आहे, आणि गेल्या आठवड्याच्या पावसाने जमीन लोण्यासारखी झाली आहे. हे घर त्यात घातलं तर घरही जाईल आणि रायही जाईल. जमीन दगडासारखी गोठल्याशिवाय आपण चाक घालू देणार नाही, आणि गोठल्यावरही तेव्हाचं तेव्हा बघू. हे बोलणं इतकं रास्त होतं की आम्हाला त्याचा फार राग आला.

पण घर रस्त्यात कसं ठेवायचं? खंदकापलीकडे, नेमकं समोर, नेस्टरच्याच मालकीचं एक जुनं ओसाड अंगण होतं. भोवती काटेरी झुडपांचं कुंपण, एक विहीर, एक विजेचा खांब. मधलं घर कधीकाळी तुळयांवर चढून तिसऱ्याच गावाला निघून गेलेलं. नेस्टर म्हणाला की गोठेपर्यंत तिथे ठेवा. मग त्याने स्वतः लोडर आणला, खंदकात खडी ओतून उतार केला, आणि सूर्य मावळायच्या आत ओरिसियाचं घर त्या अंगणात जाऊन उभं राहिलं. ओरिसियाने कुलूप काढलं. टेबलक्लॉथ पांढराशुभ्र होता. तिने ते सूप गरम करून डेल्बर्टला वाढलं आणि म्हणाली, तुझी यात काही चूक नाही, तू परका आहेस.

"उपकार झाले, काकू," डेल्बर्ट म्हणाला.

"काकू व्हायला अजून अवकाश आहे," ओरिसिया म्हणाली. "जमीन गोठू तर दे."

डेल्बर्टने तुळया घराखालीच ठेवल्या, ट्रक घेऊन कुठल्याशा कणग्या हलवायला गेला, आणि थंडी पडली की फोन करा म्हणाला. आम्ही थंडीची वाट बघू लागलो. आमच्या मुलखात थंडीची वाट बघायची वेळ सहसा येत नाही, ती आधीच येऊन बसलेली असते. त्या वर्षी मात्र ती रेंगाळली. ग्लॅडिसने दुकानाच्या खिडकीबाहेर थर्मामीटर टांगला आणि जो येईल तो आधी त्याला विचारून मग आत यायचा.

दरम्यान ओरिसिया रेघेवर राहू लागली. तिच्या स्वयंपाकघराची एक खिडकी दक्षिणेला, तिच्यातून डोलिनाचा धान्य साठवायचा उंच मनोरा दिसायचा. दुसरी उत्तरेला, तिच्यातून आमचा. डोलिनाची माणसं आमच्याकडे जाताना आणि आमची माणसं डोलिनाकडे जाताना सहज म्हणून थांबायची. खरं तर दोन्ही गावांना एकमेकांकडे काही काम नसायचं. ती कामं त्या दिवसांत निघाली. नेस्टर आपल्या रायची पाहणी करायला रोज यायचा, आणि राय खिडकीतून चांगली दिसते म्हणून खुर्चीत बसून पाहायचा. पातेल्यावरून त्याची आणि ग्लॅडिसची बोलणी तिथेच चालायची, पिरोही खात, तोंड भरलेलं असल्यामुळे कुणाचाच मुद्दा पुढे सरकायचा नाही.

सेल्मर रोज यायचा. आधी तो गुरुवारी यायचा, पण तेव्हा त्याला मागणी घालायची होती. आता नुसतंच यायचं होतं. आम्हाला त्याची काळजी वाटायची. एकदा तो आपली खुर्ची पिकअपमध्ये टाकून घेऊन गेला. आम्ही म्हणालो, बिचाऱ्याची पाठ दुखते, तिकडे धड बसायला नसेल. मग कुत्रा गेला. एकट्या बाईला राखण हवी, आम्ही म्हणालो. मग हत्यारांची पेटी, मग हिवाळी कोट, मग आजाचा भिंतीवरचा फोटो. जमीन गोठेपर्यंत बाईमाणसाला करमावं म्हणून किती करतोय, असं ग्लॅडिस डोळे पुसत म्हणाली, आणि बाहेर जाऊन थर्मामीटर बघून आली.

मी टपाल घेऊन ओरिसियाकडे गेले होते. तिचं टपाल आता डोलिनाने द्यायचं की आम्ही, हे ठरलं नव्हतं, म्हणून दोघंही द्यायचो. ती पीठ मळत होती. मी विचारलं, घर नॉर्डवीकला आलं की कुठे बसणार, सेल्मरने जागा दाखवली का. ती म्हणाली, दाखवली. एका खिडकीतून धान्याचा मनोरा दिसेल आणि दुसरीतून यंत्रांची शेड.

"मग?" मी म्हणाले.

"मग काय बाई, शब्द दिलाय. घर जाईल तिथे जाईन." तिने पिठाचा गोळा उलटा केला. "इथे मला आवडलंय. पण ते मी त्याला सांगणार नाही. मी सांगितलं तर तो हो म्हणेल, आणि मग जन्मभर खिडकीत बसून उत्तरेकडे बघेल. मला नवरा हवाय, देशोधडीला लागलेला माणूस नको. त्याचं त्याला कळलं तर ठीक."

"कळेल?"

"तो दर खेपेला काहीतरी आणतो आणि परत नेत नाही," ती म्हणाली. "मी नुसती जागा करून देते."

हे मी गावात कुणाला सांगितलं नाही. टपालवालीने गुपितं पाळायची असतात. शिवाय सांगितलं असतं तरी कुणी ऐकलं नसतं, सगळे थर्मामीटर बघत होते.

शेवटी थंडी आली, आणि उशीर झाल्याचं व्याज घेऊन आली. पारा शून्याच्या खाली अठरावर जाऊन सलग काही दिवस तिथेच बसला. नेस्टरच्या शेतात पहार मारली तर पहार वाजायला लागली. डेल्बर्टला फोन झाला. ठरलेल्या सकाळी सगळं नॉर्डवीक ट्रॅक्टर घेऊन अंगणात हजर होतं, नाकांतून वाफा निघत होत्या, थर्मास उघडले होते. डोलिनाचीही झाडून सगळी माणसं आली होती. त्यांनी या वेळी टोप्या काढल्या नाहीत.

नेस्टर सगळ्यांसमोर शेतात चालत गेला, टाच आपटून बघितली, आणि परत येऊन म्हणाला, "गोठलीय. न्या. राय मोडली तर मोडली. मी डोलिनाचा असलो तरी शब्दाचा पक्का आहे." मग तो पिकअपला टेकून उभा राहिला, पण बिया चावत नव्हता.

डेल्बर्टने ट्रक मागे घेऊन तुळयांशी आणला. ओरिसिया दारात उभी होती, कोट घालून, किल्ली हातात. सेल्मर पायऱ्यांवर कॉफीचा कप घेऊन उभा होता. त्याच्या पायाशी कुत्रा. सगळे त्याच्या मानेच्या होकाराची वाट बघत होते.

सेल्मरने उत्तरेला बघितलं. तिथे सपाट पांढऱ्या जमिनीच्या कडेला आमचा मनोरा, त्याच्याजवळ झाडांचा एक पट्टा, त्यामागे त्याच्या आजाचं अंगण. त्याने बराच वेळ बघितलं. आम्हाला वाटलं, वाट डोळ्यांनी आखतोय. मग त्याने कप पायरीवर ठेवला.

"डेल्बर्ट," तो म्हणाला, "या तुळया तुला परत कधी लागतील?"

"काका, काम झालं की लगेच. पुढचं गिऱ्हाईक बोंबलतंय."

"मग आज काढून घेऊन जा."

डेल्बर्ट हुशार होता हे मी सांगितलंच आहे. त्याने इंजिन बंद केलं.

"म्हणजे काय?" ग्लॅडिस पुढे झाली. "सेल्मर, तुझं घर गावात आहे."

"होतं," सेल्मर म्हणाला. "काल ओव्हन रिकामा केला."

ग्लॅडिसला आता खुर्ची आठवली. मग कुत्रा, मग पेटी, मग फोटो. एकेक वस्तू आठवताना तिचा चेहरा कसा बदलत गेला ते मी पाहिलं. "कार्ब्युरेटर?" तिने विचारलं. ती तिची शेवटची आशा होती.

"इथे आणलाय."

"ओव्हनमध्ये नाही," दारातून ओरिसिया म्हणाली. तिने कोटाची बटणं काढायला सुरुवात केली होती, वरच्या बटणापासून, काही घाई नसल्यासारखी.

"आम्ही पाटी रंगवलीय सेल्मर," ग्लॅडिसचा नवरा म्हणाला. "दोन हात दिलेत."

सेल्मर म्हणाला की पाटी चांगली दिसते. खालून येताना लांबून वाचता येते.

आता प्रश्न अंगणाचा होता, आणि अंगण नेस्टरचं होतं. सगळी तोंडं पुन्हा त्याच्याकडे वळली. नेस्टरने खिशातून बिया काढल्या, दोन तोंडात टाकल्या.

"या कोपऱ्यात माझं पेरणीयंत्र कधी वळलं नाही," तो म्हणाला. "यांचं घर वळत नाही. जिथे काहीच वळत नाही तिथे राहिलेलं बरं. घ्या." मग तो थांबला. "पातेलं मात्र—"

"पातेलं इथे राहील," ओरिसिया म्हणाली. "ज्याला हवं त्याने न्यावं आणि घासून आणून द्यावं. दोन्ही गावांनी. आणि आता आत या, दार उघडं ठेवून मी सगळा प्रांत तापवणार नाही."

त्या दिवशी डेल्बर्टने घर लाकडी ठोकळ्यांवर टेकवलं आणि तुळया काढून नेल्या. पक्का पाया वसंतात घातला, तोवर लग्न झालं होतं आणि डेल्बर्टला काकू म्हणायची रीतसर परवानगी मिळाली होती.

आम्ही एक माणूस आणायला गेलो आणि एक माणूस देऊन आलो, असं डोलिनाचे लोक सांगतात. ते हिशेबाला कच्चे आहेत. पाटीवर बेचाळीसच आहे. ग्लॅडिसच्या नवऱ्याने ठरवलं की दुरुस्तीच्या रेघेपर्यंतचं सगळं नॉर्डवीकच, त्यामुळे ओरिसिया आणि सेल्मर दोघंही आमचे. डोलिनानेही तसंच ठरवून आपली पाटी वाढवली आहे. सरकारला दोघांनी कळवलेलं नाही. गावजेवणाला आता पिरोही दोन्हीकडे असतात, आणि आमच्या माशाला अजून कुणी हात लावत नाही, पण गर्दी वाढली आहे. कर्लिंगमध्ये ओरिसिया डोलिनाकडून खेळते आणि सेल्मर आमच्याकडून. तो अजून हरतो आणि ती अजून पाजते.

खंदकात मात्र आता कुणी पडत नाही. नेस्टरने घातलेला खडीचा उतार तसाच आहे. नॉर्डवीकला कसं यायचं असं कुणी विचारलं तर आम्ही पूर्वीसारखंच सांगतो, सरळ या, चुकायची सोय नाही. तो सरळ येतो आणि थेट ओरिसियाच्या अंगणात जाऊन थांबतो. सेल्मर पायऱ्यांवर येऊन हातानेच दाखवतो, डावीकडे, मग उजवीकडे. पण आधी ती त्याला आत बसवते आणि वाढते. त्यामुळे आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा हल्ली उशिरा येतो, आणि आला की जेवायला नको म्हणतो.